पानाचे मूळ

पाचवीच्या गणिताचा एक स्वाध्याय संगणकाच्या पडद्यावर उघडला आहे असे समजू. त्यात एक सोपे उदाहरण आहे : ५५ + ४९ = किती? डोळस विद्यार्थी ते पाहतो, मनातल्या मनात ‘पंचावन्न अधिक एकोणपन्नास’ असे वाचतो आणि वहीत बेरीज मांडू लागतो. त्याच्या शेजारी बसलेली मुलगी अंध आहे. तिच्या संगणकात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली आहे. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. हा स्क्रीन रीडर तेच उदाहरण ‘पचपन’ आणि ‘उनचास’ असे वाचतो. मुलगी मराठी माध्यमात शिकते. पचपन म्हणजे किती हे तिला आधी कोणाला तरी विचारावे लागते. बेरीज तिला येते, पण प्रश्नच तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

पान मराठी, शाळा मराठी, आकडेही मराठी पुस्तकात असतात तसेच. मग हिंदी आली कोठून? पडद्यावर पाहून याचे उत्तर सापडणार नाही, कारण पडद्यावर सगळे ठीकच दिसते. दोष पानाच्या मुळाशी आहे, आणि हे शब्दशः खरे आहे. महाजालावरच्या प्रत्येक पानाला एक ‘मूळ घटक’ असतो. तो वाचकाला दिसत नाही, पण पानाबद्दलच्या काही महत्त्वाच्या गोष्टी त्याच्यावर लिहायच्या असतात. त्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पानाची भाषा. या लेखात आपण हे मूळ म्हणजे काय, त्याला मूळ का म्हणायचे आणि मराठीच्या दृष्टीने त्याला एवढे महत्त्व का आहे, ते पाहू.

मजकूर आणि खुणा

छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम हाताने होत असे, तेव्हा हस्तलिखिताच्या समासात संपादक काही खुणा करी. हे शीर्षक, हे ठळक, येथून नवा परिच्छेद. या खुणा छापल्या जात नसत. त्या वाचकासाठी नव्हत्याच; त्या जुळाऱ्यासाठी होत्या. जुळारी त्या पाहून मजकुराची मांडणी करी.

महाजालावरची पानेही याच रीतीने लिहिली जातात. त्यासाठी जी खुणांची भाषा वापरतात तिचे नाव हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज, म्हणजेच एचटीएमएल. पान मागवले की आपल्या संगणकाकडे मजकूर आणि खुणा असे दोन्ही मिसळून येते. ब्राउझर ही आज्ञावली जुळाऱ्याचे काम करते. ती खुणा वाचते, त्याप्रमाणे मांडणी करते आणि खुणा लपवून फक्त मजकूर दाखवते.

खुणा ओळखू याव्यात म्हणून त्या कोनी कंसांत लिहितात. एक खूण घटक सुरू झाल्याचे सांगते आणि दुसरी, तिरकी रेघ असलेली, तो संपल्याचे. प्रत्यक्षात या खुणा रोमन अक्षरांत लिहाव्या लागतात. येथे आपण त्या वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहू. महागाव तालुक्याची माहिती देणारे एक अगदी छोटे पान असे असेल :

<एचटीएमएल लँग="एमआर">
  <हेड>
    <टायटल>महागाव तालुका</टायटल>
  </हेड>
  <बॉडी>
    <एच१>महागाव तालुका</एच१>
    <पी>महागाव हा यवतमाळ जिल्ह्यातील एक तालुका आहे.</पी>
    <पी>या जिल्ह्यात एकूण १६ तालुके आहेत.</पी>
    <पी लँग="एलएमएन">… (येथे गोरमाटी भाषेतील एक ओळ) …</पी>
  </बॉडी>
</एचटीएमएल>

‘हेड’मध्ये पानाविषयीची माहिती असते. ‘बॉडी’मध्ये प्रत्यक्ष दिसणारा मजकूर असतो. ‘एच१’ म्हणजे मुख्य शीर्षक आणि ‘पी’ म्हणजे परिच्छेद. आपल्याला लक्ष द्यायचे आहे ते सर्वांत पहिल्या आणि सर्वांत शेवटच्या ओळीकडे. ‘एचटीएमएल’ हा घटक पहिल्या ओळीत सुरू होतो आणि शेवटच्या ओळीत संपतो. बाकी सगळे त्याच्या पोटात आहे. हाच मूळ घटक.

(प्रत्यक्ष पानात याच्याही आधी ‘डॉकटाइप’ नावाची एक ओळ असते. हे पान कोणत्या प्रकारचे आहे एवढेच ती ब्राउझरला सांगते. ती घटक नाही, म्हणून मूळही नाही.)

कंसात कंस

गणितात कंसांचा एक नियम आपण मुलांना शिकवतो. आतला कंस आधी पुरा व्हावा, मग बाहेरचा. चौकोनी कंस साध्या कंसाच्या आत सुरू झाला तर त्याने आतच संपले पाहिजे. तो अर्धा आत आणि अर्धा बाहेर राहिला तर त्या मांडणीला अर्थ उरत नाही. खुणांचाही नियम हाच आहे. प्रत्येक घटक दुसऱ्या कोणत्या तरी घटकाच्या पूर्णपणे आत असतो, किंवा पूर्णपणे बाहेर असतो.

या एका नियमातून एक मोठी गोष्ट निघते. प्रत्येक घटकासाठी आपण विचारू शकतो : याला लगतच वेढणारा घटक कोणता? त्याला ‘पालक’ म्हणू. आपल्या पानात तिन्ही परिच्छेदांचा आणि शीर्षकाचा पालक ‘बॉडी’ आहे. ‘टायटल’चा पालक ‘हेड’ आहे. ‘हेड’ आणि ‘बॉडी’ या दोघांचा पालक ‘एचटीएमएल’ आहे. आणि ‘एचटीएमएल’चा? त्याला वेढणारा घटकच नाही. ज्याला पालक नाही असा घटक पानात एकच असतो. त्याला मूळ म्हणतात.

प्रत्येक घटकापासून त्याच्या पालकापर्यंत एक रेघ काढली तर कागदावर वंशवृक्षासारखी आकृती तयार होते. गणितात अशा आकृतीला वृक्षच म्हणतात. इंग्रज गणिती आर्थर केली यांनी १८५७ मध्ये या आकृत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. फरक एवढाच, की हा वृक्ष उलटा काढायची पद्धत आहे. मूळ वर आणि फांद्या खाली, वंशावळीत मूळ पुरुष सर्वांत वर लिहितात तसा.

वृक्षाचा एक गुणधर्म विद्यार्थ्यांकडून सहज काढून घेता येईल. आपल्या पानात घटक किती? एचटीएमएल, हेड, टायटल, बॉडी, एच१ आणि तीन पी, असे एकूण ८. रेघा किती? मोजल्यास ७ भरतील. का? कारण मूळ सोडून प्रत्येक घटकाला नेमका एक पालक आहे, म्हणून प्रत्येकाची नेमकी एक रेघ. घटक १०० असले तर रेघा ९९. पान कितीही मोठे असो, रेघा घटकांपेक्षा एकाने कमी. तो एक म्हणजे मूळ.

महागाव कोणते?

मुळाचा उपयोग काय, हे समजण्यासाठी महागावचेच उदाहरण पुरेसे आहे. यवतमाळ जिल्ह्यात महागाव हे तालुक्याचे ठिकाण आहे. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यातही महागाव नावाचे गाव आहे. नुसते ‘महागाव’ लिहिलेले पत्र कोठे जावे? पोस्टमनला नाव पुरत नाही. त्याला वरपर्यंतचा मार्ग लागतो : महागाव, जिल्हा यवतमाळ, महाराष्ट्र, भारत. किंवा महागाव, तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र, भारत. दोन्ही मार्ग वर जाऊन एकाच मुळाला मिळतात, पण ते वेगळे आहेत, म्हणून गावेही वेगळी ठरतात.

वृक्षात कोठूनही निघालो तरी मुळापर्यंत जाण्याचा मार्ग एकच असतो, कारण प्रत्येक पायरीवर पालक एकच असतो. त्यामुळे कोणत्याही घटकाविषयी एखादी गोष्ट माहीत नसेल तर ती शोधण्याची खात्रीची रीत मिळते. वर चढत जायचे. पालकाला विचारायचे. त्याला माहीत नसेल तर त्याच्या पालकाला. असे करत मुळापर्यंत पोहोचायचे. मूळ हे विचारण्याचे शेवटचे ठिकाण आहे. त्यानेही काही सांगितले नाही तर वृक्षात आणखी विचारायला कोणी नाही.

आता आपल्या पानाच्या पहिल्या ओळीतला ‘लँग="एमआर"’ हा भाग पाहा. हा मूळ घटकाला जोडलेला एक गुणधर्म आहे. लँग म्हणजे भाषा आणि एमआर हा मराठीचा आंतरराष्ट्रीय संकेत. दुसऱ्या परिच्छेदातला ‘१६’ हा आकडा वाचायची वेळ आली की स्क्रीन रीडरला या परिच्छेदाची भाषा हवी असते. परिच्छेदावर ती लिहिलेली नाही. पालकाला, म्हणजे बॉडीला विचारावे, तर तेथेही नाही. त्याच्या वर मूळ. तेथे ‘एमआर’ आहे. म्हणून ‘सोळा’.

तिसऱ्या परिच्छेदाचे तसे नाही. त्याच्यावरच ‘एलएमएन’ असे लिहिले आहे. हा गोरमाटीचा, म्हणजे बंजारा किंवा लमाणी भाषेचा संकेत. तेव्हा वर जाण्याची गरज नाही. जवळचे सांगणे दूरच्या सांगण्यापेक्षा वरचढ ठरते. मुळावर एकदा लिहिले की ते सगळ्या पानाला लागू होते, आणि जेथे अपवाद असेल तेथेच वेगळे लिहावे लागते. हजार परिच्छेदांचे पान असले तरी मराठीची नोंद एकदाच पुरते. मूळ असण्याचा हा मोठा फायदा.

अक्षराला भाषा नसते

येथे कोणी विचारील, की भाषा वेगळी कशाला सांगायची? अक्षरे पाहून संगणकाला ती कळत नाही का?

संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक अक्षर ही एक संख्या असते. आज जगभर यासाठी युनिकोड ही संकेतप्रणाली वापरतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. त्यात देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागांचा पट्टा राखून ठेवला आहे. भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे आधी तयार झालेल्या इस्की या संकेतप्रणालीचा आधार घेऊन ही मांडणी ठरली. या पट्ट्यात च म्हणजे २३३०, म म्हणजे २३५०, ल म्हणजे २३५४, श म्हणजे २३५८ आणि ५ हा देवनागरी आकडा म्हणजे २४११.

हे क्रमांक लिपीचे आहेत, भाषेचे नाहीत. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, संस्कृत, मैथिली, डोगरी आणि बोडो या भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. त्या सगळ्यांचा म २३५० च आहे. म्हणून अक्षरावरून लिपी कळते, भाषा कळत नाही. यात तीन ठिकाणी अडचण येते.

पहिली आकड्यांची. ‘५५’ म्हणजे २४११ ही संख्या दोनदा. मराठीत पंचावन्न, हिंदीत पचपन, संस्कृतात पञ्चपञ्चाशत्. भोवती मजकूर असेल तर त्यावरून भाषेचा अंदाज तरी करता येईल. पण पाढ्यांच्या तक्त्यात किंवा बेरजेच्या स्वाध्यायात आकड्यांशिवाय असते काय? तेथे अंदाजालाही जागा नाही. मुळावर एच-आय, म्हणजे हिंदीचा संकेत असेल, किंवा काहीच नसून स्क्रीन रीडर मुळात हिंदी आवाजावर लावलेला असेल, तर ‘पचपन’च ऐकू येणार. मराठीत एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास ही घडण नियमित आहे. हिंदीत उन्नीस, उनतीस, उनचास. ज्या मुलीला संख्यानामे अजून पक्की व्हायची आहेत, तिच्या कानावर दोन भाषांची सरमिसळ पडली तर काय होईल, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण उच्चारांची. मराठीत ‘चार’ मधला च आणि ‘चाक’ मधला च वेगळे. जग म्हणजे विश्व आणि ‘तू शंभर वर्षे जग’ मधले जग, यांतला ज वेगळा. लिहिताना दोन्हींचा संकेत एकच. मराठीसाठी तयार केलेल्या यांत्रिक आवाजालाही हा भेद दर वेळी जमेल असे नाही. पण हिंदीच्या आवाजाला हा भेद असतो हेच ठाऊक नसते.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसणारी आहे. मराठी पाठ्यपुस्तकातला ल पाकळ्यांसारखा असतो. हिंदी छपाईतल्या ल च्या उजवीकडे उभा दंड असतो. श चे वळणही दोन्हींकडे वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी प्रमाणित वर्णमाला आणि अक्षरांची वळणे शासन निर्णयाने ठरवून दिली, त्यात ल आणि श यांची मराठी वळणेच आहेत. पहिलीतले मूल पाटीवर एक ल गिरवते आणि पडद्यावर दुसराच ल पाहते, हे आपण अनेकदा अनुभवले असेल. दोन्ही ल चा क्रमांक २३५४. काही फाँटमध्ये दोन्ही वळणे साठवलेली असतात. ब्राउझर पानाची भाषा फाँटला कळवतो आणि भाषा मराठी असेल तर फाँट मराठी वळण पुढे करतो. भाषा सांगितलीच नसेल तर फाँट त्याचे नेहमीचे वळण दाखवतो, आणि ते पुष्कळदा हिंदी असते. एकच अक्षर, एकच क्रमांक, एकच फाँट. मुळावरची दोन अक्षरे बदलली की ल बदलतो.

न लिहिलेले मूळ

आता एक गंमत पाहू. आपल्या पानातली पहिली आणि शेवटची ओळ खोडून टाकली तर काय होईल? पान कोसळेल असे वाटते. प्रत्यक्षात काहीच होत नाही. पान पूर्वीसारखेच दिसते.

याचे कारण इतिहासात आहे. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत १९८९ मध्ये महाजालाची कल्पना मांडली. १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर चालू झाला आणि १९९१ मध्ये महाजाल बाहेरच्या जगाला खुले झाले. सर्नने पहिल्या पानाची १९९२ ची एक प्रत जपून ठेवली आहे. तिच्यातल्या खुणा पाहिल्या तर सुरुवातीला ‘हेडर’ आणि पुढे ‘बॉडी’ दिसते. ‘एचटीएमएल’ ही खूण त्यात नाहीच. नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीचे प्रमाण प्रसिद्ध झाले. त्यात सर्वांना पोटात घेणारा हा घटक रीतसर मांडलेला आहे, पण त्याची खूण लिहिणे ऐच्छिक ठेवले आहे. ही सवलत आजही आहे. खूण लिहिलेली नसेल तर ब्राउझर स्वतःच मूळ घटक तयार करतो आणि बाकीचे घटक त्याच्या पोटात ठेवतो. २०१४ मध्ये एचटीएमएलची पाचवी आवृत्ती प्रमाण झाली, तीत हे कसे करायचे याची पायरी न् पायरी लिहून दिलेली आहे. वृक्षाला मूळ नाही अशी स्थिती येऊच शकत नाही.

मग भाषा? ती मात्र ब्राउझर तयार करू शकत नाही. महाजाल सुरू झाले तेव्हा पाने मुख्यतः इंग्रजी आणि काही युरोपीय भाषांत होती. भाषा सांगण्याची सोय जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दस्तऐवजातून पुढे आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चौथ्या आवृत्तीत समाविष्ट झाली. ब्राउझरने स्वतः केलेल्या मुळावर हा गुणधर्म नसतो. स्क्रीन रीडर वर चढत मुळापर्यंत येतो आणि त्याला तेथे काही मिळत नाही. मग पानाबरोबर सर्व्हरने काही कळवले असेल तर ते पाहिले जाते. तेही नसेल तर भाषा ‘अज्ञात’ समजली जाते. मूळ यंत्राला घडवता येते. भाषा माणसालाच सांगावी लागते.

याहून अडचणीची गोष्ट म्हणजे चुकीची भाषा सांगितलेली असणे. बहुतेक लोक पान कोऱ्या कागदापासून लिहीत नाहीत, तयार साचा घेतात. अनेक साच्यांत मूळ घटकावर ‘लँग="ईएन"’, म्हणजे इंग्रजी, असे आधीच लिहिलेले असते. साच्यात मराठी मजकूर भरला जातो आणि पहिली ओळ तशीच राहते. पान सांगते मी इंग्रजी आहे, मजकूर सांगतो मी मराठी आहे. डोळस वाचकाला हे भांडण दिसत नाही. ऐकणाऱ्याला मात्र ते ऐकू येते. ज्या इंग्रजी आवाजाला देवनागरी वाचता येत नाही, तो शब्दच्या शब्द गाळून पुढे जातो.

म्हणूनच वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने डिसेंबर २००८ मध्ये सर्वांना वापरता येतील अशा पानांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत पानाची भाषा यंत्राला कळेल अशी सांगणे हे पहिल्याच, म्हणजे ‘ए’ पातळीवर ठेवले आहे. पानातल्या परभाषेतल्या भागांची भाषा सांगणे हे त्यापुढच्या ‘डबल ए’ पातळीवर आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या आपल्या कायद्यानेही इलेक्ट्रॉनिक माध्यमातली माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशी असावी असे म्हटले आहे. एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर शाळांना सहज घेता येतो. मराठी आवाज उपलब्ध असेल आणि पानाने आपली भाषा नीट सांगितली असेल, तर आवाज आपोआप बदलण्याची सोय त्यात आहे.

लहान भाषांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या शिक्षकांना आणखी एक बाजू लक्षात येईल. या जिल्ह्यात मराठीबरोबर गोरमाटी, गोंडी आणि कोलामी बोलणारी मुले शाळेत येतात. महागाव, पुसद, दिग्रस भागात गोरमाटी बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. या भाषांतली गाणी आणि गोष्टी शिक्षक गोळा करतात, देवनागरीत लिहितात आणि आता महाजालावर ठेवतात. ती गाणी देवनागरीत असल्यामुळे यंत्र त्यांना मराठी किंवा हिंदी समजणार.

या भाषांना स्वतःचे संकेत आहेत. गोरमाटीचा एल-एम-एन, गोंडीचा जी-ओ-एन, वायव्येकडील कोलामीचा के-एफ-बी. जुन्या यादीत मोजक्या भाषांनाच दोन अक्षरी संकेत मिळाले. २००७ मध्ये तीन अक्षरी संकेतांची जी मोठी यादी प्रमाण झाली, तिच्यात जगातल्या सात हजारांहून अधिक भाषा आल्या. मराठीला दोन अक्षरी संकेत असल्यामुळे पानावर तोच लिहायचा; तीन अक्षरी लिहायचा नाही.

संकेत लिहिला म्हणून संगणक लगेच कोलामी बोलू लागणार नाही. त्यासाठी कोलामी आवाज कोणी तरी तयार करायला हवा. पण तो तयार करणाऱ्याला कोलामी मजकूर शोधावा लागेल. सगळा मजकूर ‘मराठी’ या नावाखाली मिसळलेला असेल तर तो निवडणार कसा? ज्या भाषेत लिखाण थोडे आहे, तिच्या बाबतीत प्रत्येक पान मोलाचे असते. योग्य नाव लिहिणे हे त्या पानाच्या जतनाचे पहिले काम आहे.

मूळ काय करते आणि काय करत नाही

मूळ घटकावर भाषेखेरीज आणखी काही गोष्टी ठरतात. एक म्हणजे लिखाणाची दिशा. उर्दू शाळेच्या पानाच्या मुळावर ‘डीआयआर’ हा गुणधर्म लिहून मजकूर उजवीकडून डावीकडे जातो असे सांगतात, आणि मग सगळे पान त्याप्रमाणे मांडले जाते. दुसरी म्हणजे अक्षरांचे माप. मुळावरचे माप बहुधा १६ पिक्सेल असते. पानातली इतर मापे ‘मुळाच्या दीडपट’, ‘मुळाच्या दुप्पट’ अशी देता येतात. म्हणजे शीर्षक दुप्पट असेल तर ३२ पिक्सेल. कमी दिसणाऱ्या वाचकाने आपल्या ब्राउझरमध्ये मुळाचे माप २० केले की शीर्षक आपोआप ४० होते. पानाचे प्रमाण तसेच राहते.

मात्र सगळेच मुळावर अवलंबून असते असे नाही. गूगलने आपले शोधयंत्र पानाची भाषा या गुणधर्मावरून न ठरवता मजकुरावरून ओळखते असे सांगितले आहे. त्यामुळे ‘एमआर’ लिहिल्याने पान शोधात वर येईल अशी अपेक्षा करू नये. मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही मूळ सुधारत नाही. ते फक्त एक विधान करते : हे पान अमुक भाषेत आहे. ते विधान खरे असेल तर पुढची यंत्रे आपापले काम नीट करू शकतात.

वर्गात करून पाहा

१. मराठी विकिपीडियावरचे कोणतेही पान संगणकावर उघडा. कंट्रोल आणि यू ही बटणे एकत्र दाबा. पानाच्या खुणा दिसतील. सुरुवातीच्या ओळींत मूळ घटक शोधा. त्यावर भाषेचा ‘एमआर’ हा संकेत आणि दिशेची नोंद, दोन्ही आढळतील.

२. आपल्या शाळेचे किंवा आपण नेहमी पाहतो ते एखादे मराठी पान याच रीतीने तपासा. मुळावर कोणती भाषा आहे? अशा दहा पानांचा तक्ता करा : मराठी, इंग्रजी, हिंदी, नोंद नाही.

३. या लेखातल्या पानाचा वृक्ष विद्यार्थ्यांना काढायला सांगा. घटक आणि रेघा मोजा. मग यवतमाळ जिल्हा मूळ धरून सोळा तालुक्यांचा वृक्ष काढा आणि महागावच्या खाली आपल्या ओळखीची गावे जोडा. रेघा आणि नावे यांचे नाते तेच राहते का, ते पाहा.

४. ‘५५, ४९, ७९, ८९’ एवढेच आकडे असलेले एक छोटे पान साध्या मजकूर-संपादकात लिहा. एकदा मुळावर मराठीचा संकेत देऊन आणि एकदा हिंदीचा देऊन ते स्क्रीन रीडरकडून वाचून घ्या. ही कृती करण्यापूर्वी दोन्ही भाषांचे आवाज संगणकात आहेत याची खात्री करा.

५. आपल्या पानावर चुकीची नोंद आढळली तर ते पान सांभाळणाऱ्या व्यक्तीला कळवा. दुरुस्ती दोन अक्षरांची आहे आणि ती एकाच ठिकाणी करायची आहे.

शेवटची कृती सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगाची आहे. शाळेसाठी मराठीतून साहित्य तयार करणारे शिक्षक आज गावोगावी आहेत. स्वाध्याय, पाढे, गोष्टी, प्रश्नपत्रिका असे कितीतरी साहित्य ते रात्री जागून तयार करतात. त्यातले प्रत्येक पान अंध मुलीला डोळस मुलाइतकेच वाचता यावे यासाठी मजकुरात काहीही बदलावे लागत नाही. पहिल्या ओळीत आपली भाषा कोणती ते लिहिले, की पंचावन्नला पंचावन्न म्हणण्यात यंत्राची निदान ही एक अडचण तरी उरत नाही.